आभाराचा मेल पाठवू का?

ताई,

मी २५ वर्षांची, मूळची तासगावची. बाबांची अडीच एकर द्राक्षबाग आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग सांगलीला मेकॅनिकल. तिसऱ्या सेमिस्टरला एम-थ्रीला, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरला, केटी लागली होती. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला सव्वादोन वर्षं झाली. यंदा कॅटला, म्हणजे एमबीएच्या प्रवेश परीक्षेला, ९६ पर्सेंटाइल आहेत, अर्ज ओबीसी नॉन-क्रीमी लेअरमधून केलाय. नव्या आयआयएमच्या सामाईक प्रक्रियेचा, म्हणजे कॅपचा मुलाखतीचा कॉल आलाय आणि मुंबईच्या एसपी जैन संस्थेचाही. पहिली मुलाखत तीन आठवड्यांवर आहे.

गेल्या वर्षी एका संस्थेत मुलाखत दिली होती. सर म्हणाले, "तासगाव म्हणजे बेदाणे. बेदाण्याचं अर्थकारण सांगा." मी व्हॅल्यू अॅडिशन, मेक इन इंडिया असलं काहीबाही बोलले. मग त्यांनी विचारलं, "किती किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो?" मला सांगता आलं नाही. बागेत वाढलेली मी! तिथून सगळंच घसरलं. घरी येऊन त्या सरांना लिंक्डइनवर शोधून लांबलचक मेसेज केला, नंतर दोनदा आठवण केली. उत्तर आलं नाही. त्याचाही फटका बसला असेल का?

आता शिकागोचा मावसभाऊ सांगतोय की मुलाखतीनंतर २४ तासांत थँक-यू मेल गेलाच पाहिजे. क्लासवाले म्हणतात पन्नास प्रश्नांची उत्तरं पाठ कर. मॅनेजर म्हणतात इंग्रजी सुधार. कुठून सुरुवात करू? आणि तो मेल पाठवू का?

– बागेतली, चाकण

अगं बागेतली,

आधी मेलचं सांगते, म्हणजे तेवढं एक तरी डोक्यातून जाईल. पाठवू नकोस.

भावाचं चुकलं असं नाही. तो राहतो तिथली ती रीतच आहे. अमेरिकेतल्या बिझनेस स्कूलची मुलाखत बऱ्याचदा प्रवेश कार्यालयातलं कुणीतरी किंवा एखादा माजी विद्यार्थी एकट्याने घेतो. वेळ ठरवायच्या निमित्ताने त्याच्याशी चार मेल आधीच झालेले असतात. अशा माणसाला दुसऱ्या दिवशी तीन ओळी लिहिणं म्हणजे कुणाकडे चहा घेऊन निघताना "येते हं" म्हणण्यासारखं आहे. हार्वर्डने तर मुलाखतीनंतर २४ तासांत उमेदवाराकडून लेखी मनोगत घ्यायची पद्धत काही वर्षं ठेवली होती. भावाच्या डोक्यातले २४ तास बहुधा तिथलेच. उद्या तू जीमॅट देऊन बाहेर अर्ज केलास, किंवा मुलाखत घेणाऱ्या माजी विद्यार्थ्याने निघताना स्वतःचा मेल दिला, तर जरूर लिही. बोलण्यात आलेली एखादी नेमकी गोष्ट, एक धन्यवाद, खाली नाव. बस्स.

आयआयएमची तऱ्हा वेगळी. तिथे दोघं-तिघं बसलेले असतात, दिवसभर एकामागून एक उमेदवार, प्रत्येकाला वीसेक मिनिटं. तू दाराबाहेर पडलीस की ते गुण मांडतात आणि कागद पुढे जातो. मग त्यात कॅटचे गुण, दहावी-बारावी, पदवी, नोकरीचे महिने असं काय काय ठरलेल्या सूत्राने मिसळतं. हे सूत्र प्रत्येक संस्था आपल्या प्रवेश धोरणात छापते. एकदा नीट वाचून काढ. गोड मेलसाठी त्यात रकाना नाही. म्हणून लिंक्डइनवरच्या मेसेजने तुझं बिघडलं नसणार, पण त्याने सुधारण्यासारखंही काही नव्हतं. आणि बेदाण्याच्या एका प्रश्नामुळेच यादीतून नाव गेलं, हे तरी तुला कुणी सांगितलं? ते सूत्र वाचल्यावर कळेल की एवढ्या गोष्टींच्या बेरजेत नेमकं काय कमी पडलं, ते बाहेरून सांगता येत नाही.

मला तुझं हसू येत नाहीये, कारण मीही हेच केलंय. १९९२ साली एका संस्थेत मुलाखत देऊन आले आणि निकालासाठी एसटीडी बूथवरून तीन दिवसांत तीन फोन केले. डबीतले लाल आकडे पळताना बघत, पर्स घट्ट धरून. तिसऱ्या फोनला कार्यालयातल्या बाई म्हणाल्या, "तुमच्यासाठी वेगळी यादी लावत नाही आम्ही, मॅडम." फोनचे त्रेसष्ट रुपये झाले होते. नाव आलं नाही ते नाहीच.

मेल पाठवायची वेळ एकाच प्रसंगी येते. एखादा कागद द्यायचा राहिलाय, फोन नंबर बदललाय, अर्जात तारीख चुकलीय. तेव्हा प्रवेश कार्यालयाच्या पत्त्यावर, विषयात अर्ज क्रमांक घालून, दोन ओळी लिहायच्या. त्यात "मुलाखत फार छान झाली" हे घुसवायचं नाही.

आता बेदाणा. त्या सरांनी तुला अडवायला विचारलं नव्हतं, सोपा प्रश्न टाकला होता. उमेदवार तासगावचा म्हटल्यावर पॅनेलवरचा माणूस म्हणतो, चला, इथून सुरू करू, हिला बोलतं करू. तू मात्र घरचं सोडून पेपरातलं बोलायला लागलीस. मग त्याने पाहिलं, हिला घरचं तरी ठाऊक आहे का?

आणि तुला ते ठाऊक आहे! फक्त त्याला अर्थकारण म्हणतात हे तुला कुणी सांगितलं नाही. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो. तुमच्याकडे ताज्या द्राक्षाचा भाव चार किलोच्या पेटीवर बोलतात, बरोबर? म्हणजे पेटीला मिळणारा भाव हाच एक किलो बेदाण्यामागचा कच्च्या मालाचा खर्च. समजा, बागेवर पेटीला १२० रुपये मिळतायत. तो माल न विकता शेडवर न्यायचा, डिपिंग ऑइल आणि कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून जाळीवर पसरायचा, सुकला की झाडायचा, निवडायचा. त्याचे समजा किलोमागे ३० धरले, तर सौद्यात १५० च्या वर भाव निघाला तरच हा उपद्व्याप परवडला. आकडे मी समजुतीसाठी घेतलेत, खरे बाबांना विचार.

मग पुढचा प्रश्न येतो. इतकं काठावरचं गणित असेल, तर लोक बेदाणा करतातच कशाला? कारण पिकलेलं द्राक्ष थांबत नाही. आठवडाभरात जो भाव येईल तो घ्यायचा. बेदाणा कोल्ड स्टोरेजमध्ये महिनोन्‌महिने राहतो. शेतकरी ते तीस रुपये सुकवण्यासाठी घालतोय असं दिसतं, पण तो खरं तर वाट बघायची मुभा विकत घेतोय. वर स्टोरेजचं भाडं आणि अडकलेल्या पैशाचं व्याज हा त्या मुभेचा हप्ता. आणि माल शेडमध्ये असताना अवकाळी आला तर सगळंच ओलं. हे तू तुझ्या शब्दांत, घाई न करता सांगितलंस, तर समोरचे प्राध्यापक पुढे झुकून बसतील. बिझनेस स्कूलमध्ये साठा, खेळतं भांडवल, जोखीम ही नावं घेऊन जे शिकवतात, ते तुझ्या शेडवर दरवर्षी घडतं.

एक अवघड प्रश्नही येईल, त्याची तयारी ठेव. "परगावचे व्यापारी माल नेऊन पैसे बुडवून पळतात, दर हंगामात बातम्या येतात. तरी शेतकरी उधारीवर माल का देतात? अडाणी आहेत का?" इथे चिडायचं नाही आणि 'जागृती हवी' हेही बोलायचं नाही. बाबांना एका संध्याकाळी निवांत विचार, की तुम्ही का दिलात? ते सांगतील, घड तयार आहेत, ढग आलेत, दारात एकच गिऱ्हाईक आहे आणि तो पेटीमागे दहा रुपये जास्त बोलतोय. यात अडाणीपणा कुठे आहे? वेळ कमी असला की सौद्यातली ताकद कुणाकडे जाते, त्याचं हे उदाहरण आहे.

तासगावचं म्हणून आणखी थोडं बघून ठेव. गणपती मंदिराला दाक्षिणात्य धाटणीचं गोपुर कसं, परशुरामभाऊ पटवर्धन कोण, आर. आर. पाटलांचं ग्रामस्वच्छता अभियान २००० साली सुरू झालं तेव्हा त्यांच्याकडे कोणतं खातं होतं, टेंभू आणि म्हैसाळच्या पाण्याने तुमच्या भागात काय बदललं. तासाभराचं काम आहे.

क्लासच्या पन्नास प्रश्नांपेक्षा तुझा स्वतःचा अर्ज छापून घे. तीच प्रश्नपत्रिका. त्यातल्या प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मार आणि स्वतःला विचार, यावर कुणी सलग तीन प्रश्न केले तर मी तिसऱ्यापर्यंत टिकेन का? पहिल्याचं उत्तर सगळ्यांकडे असतं. तिसऱ्याला पाठांतर संपतं.

'क्वालिटी इंजिनिअर' या शब्दाखाली बघ. "तुम्ही काय करता?" सोपं आहे. "सीपीके म्हणजे काय?" मापं ठरलेल्या मर्यादेत किती ऐसपैस बसतात त्याचा हा आकडा, हेही तू रोज लिहितेस. "मग कंपनी १.३३ च का मागते?" इथे बरीच मुलं गप्प होतात. सरासरीपासून जवळच्या मर्यादेपर्यंतचं अंतर भागिले तीन सिग्मा (सिग्मा म्हणजे मापं सरासरीभोवती किती पसरतात ते), म्हणजे १.३३ झाले तर मधे चार सिग्माची जागा आहे. कागदावर घंटेचा आकार काढून दोन रेघा मारून दाखवलंस तर आणखी चांगलं. पॅनेलच्या टेबलावर कागद असतोच, मागायला लाजू नकोस. रिजेक्शनचं बोलताना टक्के आणि पीपीएम (दहा लाखांत किती) यांत गडबड करू नकोस. एक टक्का म्हणजे दहा हजार पीपीएम. तू गडबडीत एक हजार म्हणालीस की क्वालिटीतली दोन वर्षं पाण्यात.

केटी लपवायची नाही आणि तिची कहाणीही सांगायची नाही. "तब्येत बरी नव्हती", "सर नीट शिकवत नव्हते" हे त्यांनी सकाळपासून सहा वेळा ऐकलंय. "अभ्यास कमी पडला, पुढच्या सेमिस्टरला सोडवला," आणि थांबायचं. पण पुढे ते विचारणारच, एम-थ्रीत होतं काय? म्हणून लाप्लास ट्रान्सफॉर्म कशासाठी करतात हे साध्या भाषेत सांगता आलं पाहिजे. जे गणित डेरिव्हेटिव्हमुळे अंगावर येतं, त्याला बीजगणिताच्या रूपात आणायचं, सोडवायचं, परत मूळ रूपात न्यायचं. ज्या विषयात नापास झालीस तोच विषय तू शांतपणे समजावलास, तर केटीचा डाग तिथल्या तिथे पुसला जातो. हे मी होताना पाहिलंय.

अर्जात छंद म्हणून तू पेटी (हार्मोनियम) लिहिलीयस, 'प्रवेशिका पूर्ण' ही परीक्षाही. आणि पत्राच्या इथे न छापलेल्या भागात कबूल करतेस की दहावीनंतर हात लावला नाही. आता अर्ज गेलाय, शब्द मागे घेता येत नाही. तीन आठवडे रोज वीस मिनिटं वाजव, एक राग तरी बोटांत परत येऊ दे. विचारलं तर "मध्ये खंड पडला" हे खरं सांग. मग हा प्रश्न येईल, "पेटीवर मींड निघते का?" निघत नाही, सूर ठोकळ्यांत बांधलेले आहेत, दोन सुरांमधून घसरत जाता येत नाही. याच तक्रारीवरून १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. मिरजेच्या शेजारची मुलगी म्हणून एवढं ठाऊक असावं. संगीताचा शौकीन प्राध्यापक भेटला तर उरलेली दहा मिनिटं तू जिंकलीस.

'एमबीए का?' यावर तुझं जे उत्तर मला पाठवलंयस (नेतृत्वगुण, व्यापक दृष्टी, कॉर्पोरेट शिडी) ते फाडून टाक. रागावू नकोस, पण या उत्तरात तू कुठेच नाहीस. उलट पत्राच्या शेवटच्या पानावर, जाता जाता, तू एक गोष्ट लिहिलीयस. दिवाळीआधी भोसरीच्या सप्लायरकडून आलेली एक लॉट तू रिजेक्ट केलीस. माप मर्यादेबाहेर होतं, तुझं मोजमाप चोख होतं. संध्याकाळी पर्चेसच्या साहेबांनी तोच माल डेव्हिएशनवर, म्हणजे अपवाद मंजूर करून, घेतला, कारण न घेतला तर ग्राहकाची लाइन थांबली असती. तू लिहितेस, "मला राग आला, पण रात्री वाटलं, त्यांना काय माहीत होतं जे मला नव्हतं?"

अगं, हेच तुझं उत्तर! भाग चांगला की वाईट हे तुला मोजता येतं. वाईट भाग घेण्याची किंमत आणि न घेण्याची किंमत शेजारी ठेवून निर्णय कसा करतात, ते शिकायचंय. हे सांग. ते लगेच उलटतील, "म्हणजे साहेब बरोबर होते?" तयार राहा. लाइन थांबली तर तासाला किती नुकसान, वॉरंटीत परत आला तर किती, ग्राहकाला आधी कळवलं होतं का, जोखीम कुणी सही करून घेतली. बरोबर की चूक हे ठासून सांगायची गरज नाही. काय काय माहीत असल्याशिवाय सांगता येणार नाही, हे सांगता आलं पाहिजे. पर्चेसच्या साहेबांनाच एकदा चहाला ने आणि विचार. तुझ्या तीन मॉकमधली, म्हणजे सरावाच्या मुलाखतींमधली, ही पहिली. दुसरी बाबांसमोर, बेदाण्यावर. तिसरी अशा कुणासमोर, जो तुला ओळखत नाही आणि ज्याला तुझं मन राखायची गरज नाही. एवढ्या पुरेत. दहा-दहा मॉक दिलेली मुलं मी पाहिलीयत, त्यांचं बोलणं इतकं गुळगुळीत होतं की हाताला काही लागतच नाही.

एक सांभाळ. कॅपची मुलाखत एकच आणि तिचे गुण बऱ्याच आयआयएमना जातात. "लहानपणापासून फक्त बोधगयेचंच स्वप्न होतं" असलं काही तिथे बोलू नकोस. आयआयएम बोधगया सुरू झालं २०१५ ला, तुझं लहानपण तेव्हा जवळपास संपलं होतं.

इंग्रजीचं मॅनेजर म्हणतात त्यात तथ्य आहे, पण तीन आठवड्यांत इंग्रजी सुधारत नसतं. वाक्य लहान करता येतं. आपण मराठीत विचार करतो तेव्हा 'कारण', 'म्हणजे', 'पण' लावत वाक्य लांबवत नेतो, आणि तसंच इंग्रजीत न्यायला गेलो की क्रियापद कुठे ठेवायचं तिथे अडकतो. एक वाक्य, पूर्णविराम. पुढचं वाक्य. रोज रात्री फोनवर पंधरा मिनिटं रेकॉर्ड कर, दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये ऐक. स्वतःचा आवाज ऐकणं ही शिक्षाच असते, चार दिवसांनी सवय होते. उच्चारांची काळजी सोड. समोर बसलेल्यांतही कुणी तमिळ वळणाचं बोलतं, कुणी बंगाली. पाठ केलेलं मात्र लगेच कळतं. डोळे वर छताकडे जातात आणि वेग अचानक वाढतो.

'माहीत नाही' म्हणायला शीक. "सॉरी सर, हे मला माहीत नाही." एवढंच, हसू न आणता, पडेल चेहरा न करता. वीस मिनिटांत दोन-तीनदा म्हटलं तर काही बिघडत नाही. माहीत नसताना बोलत राहणं मात्र महागात पडतं. गेल्या वर्षी तू चार-एकचं प्रमाण विसरलीस, तेव्हा "आत्ता आठवत नाही, पण अंदाज बांधते. द्राक्षात बहुतेक पाणीच असतं, म्हणजे चार-पाच किलो लागत असतील" असं मोठ्याने विचार करत गेली असतीस, तर उत्तर तिथेच सापडलं असतं.

चालू घडामोडींचं फार ओझं घेऊ नकोस. हंगामच असा की १ फेब्रुवारीला अर्थसंकल्प आणि आगेमागे रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीच्या बैठका, त्यावर विचारणार हे धरून चाल. आकडे पाठ करायचेच तर वित्तीय तूट, रेपो दर, महागाईचं लक्ष्य (४ टक्के, खाली-वर २) एवढे. पण रेपो बदलला तर बाबांच्या कर्जावर काय होतं आणि तुमच्या कंपनीच्या खेळत्या भांडवलावर काय, ही साखळी बांधता यायला हवी. लेखी चाचणी असणार की नाही, ते कॉल लेटरमध्ये दिलेलं असतं. आधी ते वाच, मग निबंधांच्या मागे लाग.

एसपी जैनचं थोडं वेगळं. तिथे गटात बसवून मुलाखत घेतात, म्हणजे तुझ्या शेजारचा बोलत असतानाही तू दिसत असतेस. मनातल्या मनात आपलं उत्तर घोळवत बसलीस की चेहरा कोरा होतो. आणि अचानक प्रश्न येतो, "आत्ता हा जे बोलला त्यावर तुझं काय मत?" ऐक. शेजारच्याचं नाव लक्षात ठेव.

आता कागद. यात आपली मुलं ज्या चुका करतात त्या बघून जीव तुटतो. तू ओबीसीतून अर्ज केलायस. नॉन-क्रीमी लेअरचा दाखला केंद्राच्या नमुन्यात आहे ना, आज रात्रीच काढून बघ. सेतूत जाऊन नुसतं 'नॉन-क्रीमी लेअर' म्हटलं की राज्याच्या नमुन्यातला मिळतो, तो केंद्रीय संस्थेत चालत नाही. केंद्राचा वेगळा मागावा लागतो. राज्याच्या यादीतली प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असतेच असंही नाही, तेही तपास. दाखल्याची तारीख कधीपासूनची चालते ते कॉल लेटरसोबतच्या सूचनांत असतं. नवा काढायचा तर प्रांत कार्यालयातून सही होऊन यायला वेळ लागतो आणि त्यासाठी तुला नाहीतर बाबांना हेलपाटे घालावे लागतील. हे काम पहिल्या आठवड्यातलं.

दुसरं, नाव. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. आधारवर उलट. पदवीच्या कागदावर एखादं अक्षर इकडचं तिकडे. सगळे कागद जमिनीवर ओळीने मांड आणि नाव वाचत जा. फरक असेल तर प्रवेश कार्यालयाला आधीच विचार, लागलं तर प्रतिज्ञापत्र करून घे. (वर म्हटलं ते दोन ओळींचं मेल, ते इथे.) कंपनीकडून रुजू झाल्याच्या तारखेसह नोकरीत असल्याचं पत्र घे. पगाराची शेवटची स्लिप वेगळी ठेव.

कपड्यांचं विचारलं नाहीस, तरी सांगते. ब्लेझर घे असं क्लासवाले म्हणतील. मार्चमध्ये मुंबईत ब्लेझर घालून दारात तासभर बसून बघ म्हणावं त्यांना. इस्त्री केलेला साधा सलवार-कुर्ता किंवा ज्यात तू रोज वावरतेस ते फॉर्मल. आणि आदल्या दिवशीच मुंबई गाठ. घाटात ट्रॅफिक लागलं हे पॅनेलला सांगायची वेळ येऊ देऊ नकोस.

बाहेर पडलीस की फोन करायच्या आधी कुठेतरी टेक आणि वहीत सगळे प्रश्न लिहून काढ. क्रमाने. तू काय उत्तर दिलंस, कुठे अडलीस, कोणत्या उत्तरावर त्यांनी पुढे खोदलं. तासाभरात निम्मं विसरतं, म्हणून लगेच. लोक 'फॉलो-अप' म्हणतात तो माझ्या मते हा. पहिली मुलाखत आणि एसपी जैनची यांत जे काही दिवस असतील, त्यात त्या वहीतली अडलेली तीन ठिकाणं दुरुस्त करायची. मग वही मिटायची. व्हॉट्सअॅप ग्रुपवर मुलं आपापल्या मुलाखतीचे वृत्तांत टाकतात, "मला तर फक्त आवडीचं विचारलं, दहा मिनिटांत सोडलं," ते वाचत बसू नकोस. दहा मिनिटांत सोडलं याचा अर्थ चांगलं झालं की वाईट, कुणालाच माहीत नसतं.

निकाल लागायला एप्रिल-मे उजाडतो आणि कॅपमधल्या संस्था आपापल्या याद्या वेगवेगळ्या लावतात. प्रतीक्षा यादीत नाव आलं तर खचू नकोस. वरच्या संस्थांत मुलं गेली की यादी सरकते, पत्रं लिहून सरकत नाही. मेल रोज बघ, स्पॅमसकट, कारण ऑफर आल्यावर होकार आणि पैसे भरायला दिवस मोजके देतात. भरताना परताव्याचे नियम वाच, नंतर वरची जागा लागली तर आधीचे किती परत मिळणार ते आत्ताच कळू दे. शेवटच्या संध्याकाळी बसू नकोस, बँकेची रोजची ऑनलाइन मर्यादा आधी वाढवून घे. बाबांच्या खात्यातून जाणार असतील तर त्यांना सांगून ठेव, तो त्यांच्या हंगामाचा, मजुरीच्या चुकाऱ्यांचा काळ असतो.

आणि राजीनामा. तुझा नोटीस पीरियड किती ते पत्रात लिहिलं नाहीस. वर्ग साधारण जूनमध्ये सुरू होतात. नेमणूकपत्र काढ, नव्वद दिवस असेल तर गणित जुळणार नाही, मग कमी करून घेण्याबद्दल किंवा पैसे भरून सुटण्याबद्दल मॅनेजरशी बोलावं लागेल. पण तेही ऑफर हातात आल्यावर, पैसे भरल्यावर. आत्ता एचआरकडे नोकरीचं पत्र मागायला जाशील तेव्हा "कशाला हवंय?" असं विचारतील. उच्च शिक्षणाच्या अर्जासाठी, एवढंच सांग. खोटं नाही, आणि पुरेसं आहे.